गाडीचा खुबा

बँकेच्या सदतीस वर्षांच्या नोकरीत मी किती वाहनांची तपासणी केली असेल, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. ट्रक, टेम्पो, मेटॅडोर, ऑटोरिक्षा, पुढे पुढे पिकअप. छोट्या वाहतूकदारांना कर्ज दिलं, की त्या तारणाची अधूनमधून पाहणी करावी लागते. पाहणी म्हणजे काय, तर चासी नंबरावर कोरा कागद धरून त्यावरून पेन्सिल घासायची, नंबराचा ठसा फायलीला लावायचा, आरसी बुकात बँकेचं नाव चढलं आहे का ते बघायचं, विम्याची तारीख टिपायची, टायरला बुटाच्या टोकानं हलकेच डिवचायचं, कर्जदारानं आणलेला चहा प्यायचा आणि शेरा लिहायचा : 'वाहन सुस्थितीत व वापरात आढळले.' खाली सही, तारीख, शिक्का. एवढ्या वर्षांत एकदाही मी गाडीखाली वाकून पाहिलं नाही. तशी पद्धत नव्हती आणि पँटची इस्त्री मोडली असती.

हे सगळं आठवायचं कारण असं, की वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी माझ्याच अंगणात, जुन्या सतरंजीवर उताणा पडून एका पिकअपचं पोट दीड दिवस न्याहाळत होतो.

गाडी माझ्या धाकट्या भावाच्या मुलाची. तो काटोलकडे राहतो. घरची थोडी संत्र्याची बाग आहे. पण बागेवर भागत नाही म्हणून त्यानं जुना पिकअप घेतला. आसपासच्या बागांमधली संत्री कळमन्याच्या बाजारात आणून टाकायची, परतीच्या फेरीत खत, किराणा, जे मिळेल ते न्यायचं. कर्जाला जामीनदार मीच. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं आम्हां सगळ्यांना कौतुक आहे. पण संत्रं बागेतून बाजारात जातं ते अशाच एखाद्या हप्त्यावर घेतलेल्या गाडीतून, आणि आंबिया बहाराची तोड सुरू झाली की ती गाडी एक दिवसही उभी ठेवणं परवडत नाही.

दसऱ्याला आठवडा होता. त्याचा फोन आला. "मोठेबाबा, गाडी तुमच्याइथं आणून लावतो दोन दिवस. समोरून खट् खट् वाजून राह्यली. ब्रेकरवर तर लईच. बॉल जॉईंट गेले म्हणतात. गॅरेजवाला पाच दिवस थांबा म्हणते. आपणच करून टाकू."

"आपण म्हणजे कोण?" मी विचारलं.

"मी अन् तुमच्या शेजारचे मिस्त्रीभाऊ. तुम्ही फक्त बॅटरी धरा."

आमच्या लेआउटमध्ये दोन घरं सोडून जे मिस्त्रीभाऊ राहतात, ते एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झाले. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. बोलणं कमी, ऐकणं जास्त. गाडी फाटकातून आत येताना त्यांनी फक्त आवाज ऐकला, पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दोन्ही बाजूचे खालचे गेले. डावा जास्त."

मला काहीच कळलं नव्हतं. मग त्यांनी मला खाली वाकवलं. शब्दशः.

उखळीचा सांधा

शाळेत आपण शरीरातले सांधे शिकलो होतो. गुडघा-कोपर हे बिजागरीचे, खांदा-खुबा हे उखळीचे. हाडाच्या टोकाला गोल डोकं, ते दुसऱ्या हाडाच्या खोलगट वाटीत बसलेलं. म्हणून हात-पाय चहूकडे फिरतात. गाडीचा बॉल जॉईंट म्हणजे हुबेहूब तेच. एका लोखंडी वाटीत पोलादी गोळा, गोळ्यातून निघालेला दांडा. वाटी सस्पेन्शनच्या आर्मला धरलेली असते, दांडा चाक तोलणाऱ्या जाड तुकड्याला. त्याला मिस्त्री लोक 'नकल' म्हणतात. चाकाला एकाच वेळी दोन कामं करायची असतात. खड्ड्यातून वर-खाली व्हायचं आणि स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळायचं. बिजागरीला हे जमत नाही, उखळीला जमतं. वरच्या आर्मला एक, खालच्या आर्मला एक, अशा दोन गोळ्यांवर पुढचं प्रत्येक चाक तोललेलं असतं.

"आमच्या लाल डब्याले किंगपिन," मिस्त्रीभाऊ म्हणाले. एसटीच्या बसला, ट्रकला आजही पुढे सरळ आडवा आस असतो आणि त्याच्या टोकाला जाड पिन. मोटारींमध्येही पूर्वी पिनच होती. अमेरिकेत फोर्डनं १९५४च्या मोटारींना बॉल जॉईंट बसवले आणि हळूहळू लहान गाड्यांतून किंगपिन गेली.

गोळा आणि वाटी यांच्यामध्ये ग्रीस असतं, वर रबराची टोपी. टोपी फाटली की पाणी, धूळ, चिखल आत जातो. मग ग्रीसची राळ होते आणि गोळा वाटीला खात सुटतो. आधी आवाज येतो, मग स्टिअरिंग सैल वाटतं, टायर एका कडेनं झिजतो. इतकं होऊनही कुणी लक्ष दिलं नाही, तर एके दिवशी गोळा वाटीतून निसटतो. तेव्हा चाक गाडीखाली दुमडतं. ब्रेक दाबून काही होत नाही, स्टिअरिंग फिरवून काही होत नाही.

हे ऐकताना माझ्या पोटात काहीतरी हललं. का, ते पुढे सांगतो.

मिस्त्रीभाऊंनी खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं. टायरखाली लांब टॉमी घालून पुतण्याला हळूच वर उचलायला सांगितलं आणि माझं बोट धरून सांध्यावर ठेवलं. "हं, उचल." बोटाखाली कट्कन काहीतरी सरकलं. तेवढंसंच, पण ज्या वस्तूनं तसूभर हलू नये, ती हलली होती. मागे आमच्या डॉक्टरांनी सौ.चा पाय असाच धरून फिरवला होता आणि मला म्हणाले होते, "हात ठेवा इथे, कळेल तुम्हाला."

सौ.चा उजवा खुबा चार वर्षांपूर्वी बदलला. जॉन चार्नली नावाच्या इंग्रज शल्यविशारदानं १९६२ साली धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी वापरून खुबा बदलण्याची जी रीत बसवली, तिच्यातूनच आजच्या शस्त्रक्रिया निघाल्या. चार्नली कृत्रिम सांधा हाडात एक प्रकारच्या सिमेंटनं पक्का करीत. सौ.च्या डॉक्टरांनी सांगितलं, की यांचा सिमेंटशिवाय, हाडात घट्ट ठोकून बसवला आहे. 'प्रेस-फिट' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो दवाखान्यात. दुसऱ्यांदा ऐकला तो अंगणात.

घट्ट बसणं म्हणजे काय

काही गाड्यांत बॉल जॉईंट नटबोल्टनं लावलेला असतो. चार बोल्ट काढा, नवा लावा. या गाडीत तसं नव्हतं. आर्मला एक गोल भोक आणि सांध्याचं अंग त्या भोकापेक्षा किंचित मोठं. किंचित म्हणजे मिलिमीटरचे काही शतांश. प्रचंड दाबानं तो त्या भोकात सारायचा. मग लोखंड लोखंडाला असं आवळून धरतं, की बोल्ट लागत नाही. वर खबरदारी म्हणून एक सर्किलप, एवढंच.

मला हे नवलाचं वाटलं. पण विचार केला तेव्हा लक्षात आलं, की ही युक्ती मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या गावात बंडीच्या लाकडी चाकावर लोहार धाव चढवीत. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम लहान ठेवलेली. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची म्हणजे ती फुगते, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठे, लाकूड करकरे आणि धाव आवळून बसे. रेल्वेची चाकंही आसावर अशीच दाबून बसवतात. दाब किती लागला याचा आलेख काढून ठेवतात आणि तो ठरल्याप्रमाणे चढत गेला नाही, तर ते चाक बाद. मोतीबागेतल्या नॅरोगेजच्या रेल्वे संग्रहालयात मी नातवंडांना किती वेळा घेऊन गेलो असेन! इंजिनं पाहिली, चाकं आसाला कशी धरून राहतात हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मिस्त्रीभाऊंनी नवे सांधे आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायला दिले. सौ. म्हणाली, "एक माझ्या कमरेत आहे, आता दोन माझ्या फ्रीजरमध्ये. त्या मटारांना हात लावू नका म्हणजे झालं." त्यामागे हिशेब असा. पोलाद दर अंश सेल्सियसला स्वतःच्या लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश आकसतं. सांधा चाळीस मिलिमीटर रुंदीचा धरला आणि तीस अंशांवरून उणे अठरावर नेला, तर तो मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागानं बारीक होतो. डोक्याच्या केसाचा साधारण तिसरा हिस्सा. पण जिथे सारा खेळच शतांशांचा, तिथे हा तिसरा हिस्सा बरंच काम हलकं करतो.

आर्म गॅसच्या ज्योतीनं तापवला तर आणखी सोपं जाईल, असं पुतण्याचं म्हणणं होतं. मिस्त्रीभाऊंनी मान हलवली. आर्मचं पोलाद कारखान्यात ठरावीक आच देऊन कणखर केलेलं असतं. ज्योत लावली की त्याचं पाणी उतरतं.

पहिला दिवस

सकाळी सहालाच काम सुरू केलं, कारण ऑक्टोबरचं ऊन दहानंतर बसू देत नाही. मागच्या चाकांना विटा लावल्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅक, आणि चासीखाली दोन पक्क्या घोड्या. "जॅक उचलासाठी असते, भरवशासाठी नाही," मिस्त्रीभाऊ म्हणाले. गाडीखाली जाणाऱ्या प्रत्येकानं हे पाठ करावं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

दुसरी सूचना स्प्रिंगबद्दल. सस्पेन्शनची स्प्रिंग आर्मवर दाबून बसलेली असते. सांधा सुटला आणि आर्मला खालून आधार नसला, तर ती सारी ताकद एका क्षणात मोकळी होते आणि समोर जो असेल त्याच्या अंगावर येते. म्हणून आर्मखाली वेगळा जॅक लावलेला, तो शेवटपर्यंत हलवायचा नाही. ब्रेकचा कॅलिपर त्यांनी तारेनं वर टांगला. तो रबरी नळीवर लोंबकळला, तर नळी आतून चिरते आणि बाहेरून कळत नाही.

मग दांड्याच्या टोकाची स्प्लिट पिन काढली, नट थोडे आटे ढिला केला. पूर्ण काढला नाही. दांडा निमुळता असतो, नकलच्या तशाच निमुळत्या भोकात वर्षानुवर्षं रुतलेला. पुतण्यानं हातोडा दांड्यावर उगारला, तोच मिस्त्रीभाऊंनी त्याचं मनगट धरलं. "त्याले मारशील तर आटे जातील. घराले मार." म्हणजे दांड्याला नाही, तो ज्या भोकात बसलाय त्या नकलच्या बाजूला. दोन हातोडे समोरासमोर, एकदम. तिसऱ्या ठोक्याला 'टण्' झालं आणि दांडा आपसूक सुटला.

खरी कुस्ती पुढे होती. सी आकाराचा मोठा शिकंजा भाड्यानं आणला होता. एका बाजूला स्क्रू, दुसऱ्या बाजूला नळकांडं. स्क्रू आवळत गेलं की जुना सांधा भोकातून नळकांड्यात सरकतो. सर्किलप काढली, गंजावर रात्रभर तेल मुरवलं होतं. पुतण्यानं पान्याला लांब पाइप लावून जोर दिला. काही नाही. आणखी जोर. मला वाटलं शिकंजाच तुटणार. मिस्त्रीभाऊ म्हणाले, "थांब. चहा घेऊ." दाब तसाच ठेवून आम्ही चहा प्यायलो. कप खाली ठेवला आणि आर्मवर त्यांनी हातोडीनं एकच टिचकी मारली. बंदुकीसारखा आवाज होऊन सांधा हलला. सौ. स्वयंपाकघरातून धावत आली.

उजवीकडचा नवा सांधा दुपारपर्यंत बसला. भोक घासून स्वच्छ केलं. सांधा सरळ उभा राहिला की नाही, हे चारही बाजूंनी पाहिलं, कारण एकदा तिरका शिरला की तो भोक खरवडत जातो. दाब सांध्याच्या कडेवर द्यायचा, मधल्या झाकणावर नाही. सर्किलप खाचेत 'टिक' करून बसली. नट पुस्तकात दिलेल्या आकड्याइतका टॉर्क पान्यानं आवळला. पिनचं भोक जुळेना, तर आणखी किंचित आवळून जुळवलं. जुळवण्यासाठी नट मागे फिरवायचा नसतो. मिस्त्रीभाऊंनी हे दोनदा सांगितलं.

डावी बाजू

दुसऱ्या दिवशी डावीकडचा जुना सांधा अपेक्षेपेक्षा पटकन निघाला. पुतण्या खूश. मिस्त्रीभाऊ मात्र गप्प झाले. नवा सांधा त्यांनी भोकावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. तो निम्मा आत गेला. फ्रीजरमधून काढून बराच वेळ झाला होता, थंडाईचा परिणाम संपलेला. आधीच्या मालकाच्या वेळी कुणीतरी हातोड्यानं ठोकून सांधा बदलला होता आणि भोक मोठं झालं होतं.

"हा आर्म गेला," ते म्हणाले. "नवा आणा."

नवा आर्म म्हणजे वेगळा खर्च आणि दोन दिवस. दसरा तोंडावर आलेला. त्या दिवशी दीक्षाभूमीकडे येणाऱ्या लाखो लोकांनी शहरातले रस्ते भरून जातात, गाडी त्याआधी बाहेर पडायला हवी. काटोलला तीन बागवाल्यांना त्यानं शब्द दिलेला. पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, "मोठेबाबा, वेल्डिंगचा एक टाका मारून घेऊ. चौकात आहे वेल्डर. सीझन काढू, मंग पाहू. सगळेच करतात."

मिस्त्रीभाऊ काही बोलले नाहीत. गाडी त्यांची नव्हती. जामीनदार मी होतो.

तेव्हा मी त्याला ती गोष्ट सांगितली, जी मी घरातही कधी पुरती सांगितली नव्हती. १९९० नंतरची ती वर्षं. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एका होतकरू माणसाला चारचाकीचं कर्ज दिलं होतं. हप्ते वेळेवर. मी पाहणीला गेलो, गाडीला नुकताच निळा रंग दिलेला, आरशाला लिंबू-मिरची. चहा घेतला, शेरा लिहिला. महिन्याच्या आत बाजारच्या दिवशी भरल्या गाडीचं पुढचं चाक दुमडलं. गाडी नाल्यात कलंडली. मागे पोत्यांवर दोन मजूर बसले होते. एक उडी मारून वाचला, दुसऱ्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. विम्याच्या सर्वेक्षकानं मला गाडीखालचा सांधा दाखवला. वेल्डिंगचे दोन टाके, त्यावर तोच ताजा निळा रंग. एक टाका जुनाच तडकलेला होता.

मला कुणी काही विचारलं नाही. सांधे तपासणं माझं काम नव्हतंच. माझा शेरा फायलीत होता, विमा चालू होता, वसुली झाली. पण त्या मजुराची बायको एकदा शाखेत आली होती. भरपाईचा अर्ज कुठे करायचा, एवढंच विचारायला. मी तिला खुर्ची दिली, पत्ता लिहून दिला. 'सुस्थितीत' हा शब्द त्यानंतर मी शेकडो वेळा लिहिला आणि दर वेळी पेन किंचित अडखळलं. पण वाकून मात्र मी कधी पाहिलं नाही. ते मला आजही समजावून सांगता येत नाही.

पुतण्या उकिडवा बसून ऐकत होता. मिस्त्रीभाऊंनी बोलायला तेवढी वेळ निवडली. वेल्डिंगच्या आचेनं टाक्याशेजारचं पोलाद ठिसूळ होतं, आतलं ग्रीस जळतं, आजकालच्या सांध्यांत प्लॅस्टिकचं अस्तर असतं ते वितळतं. म्हणजे ज्या कारणासाठी सांधा बदलायचा, तेच कारण आपण नव्या सांध्यात भरून ठेवतो. "टाका म्हणजे दुरुस्ती नाही, साहेब," ते म्हणाले. "टाका म्हणजे झाकण."

पुतण्या उठला, हात पुसले आणि बागवाल्यांना फोन लावायला फाटकाबाहेर गेला. आर्मचे पैसे मी देतो म्हणालो. त्यानं निम्मेच घेतले.

दसरा

नवा आर्म दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. त्यात सांधा शिकंज्यानं बसवायला अर्धा तास लागला, आणि या खेपेला अंगठ्यानं तो जराही हलला नाही. तिसऱ्या दिवशी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. ते घरी होत नाही आणि ते न करता गाडी पळवली, तर नवे टायर महिन्या-दोन महिन्यांत कडेनं जातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे वाचून कुणी उद्या अंगणात गाडी उचलू नये. आमच्याकडे मिस्त्रीभाऊ होते. ज्याच्याकडे तसा माणूस, पक्क्या घोड्या आणि योग्य शिकंजा नाही, त्यानं गॅरेजचे पाच दिवस थांबावं. पण गॅरेजमध्येही मालकानं एकदा खाली वाकून पाहावं, जुना सुटा भाग हातात मागून घ्यावा, भोक कसं आहे ते विचारावं. विचारण्याला पैसे पडत नाहीत.

विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे तूप-हळद लावून मळतात. माझे वडील तेव्हा नुसते मळत नसत. बोटांनी चाचपून पाहत, कुठे सूज आहे, कुठे दाबलं की बैल अंग चोरतो. बैल गेले, पिकअप आले. दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. सगळं वरून.

यंदा दसऱ्याच्या पहाटे पुतण्याचा फोन आला. गाडीला हार घातला होता, निघायची घाई होती, मागे कुणीतरी क्रेटची संख्या ओरडून सांगत होतं. म्हणाला, "मोठेबाबा, खालून पाहून घेतलं. बॅटरी लावून. दोन्ही टोप्या बरोबर आहेत."

"बरं," मी म्हणालो. "सावकाश जा."

निघालेला जुना डावा सांधा माझ्या टेबलावर कागदांवर ठेवला आहे. सौ.नं तो रॉकेलनं स्वच्छ धुऊन दिला. दांडा हातात धरून हलवला, की तो अजून कट्कन वाजतो.